मास्तरांचं कण्हणं

चौगुले मास्तर कण्हायचे ते फक्त घरात. दाराबाहेर पाऊल पडलं की पाठ ताठ, मान सरळ, टोपी नाकासमोर, आणि आवाज असा खणखणीत की मिरजेच्या बाजारात जुना विद्यार्थी भेटला तर तो हातातली पिशवी खाली ठेवून सावधान उभा राहायचा. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात पी.टी. शिकवली. पाय दुखतो म्हणून कवायतीतून बाजूला बसलेल्या पोराला ते सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं ओरडायचे, “सोंगाड्या, ऊठ!” दुखणं म्हणजे आळशी माणसानं काढलेली पळवाट, हे त्यांचं तत्त्वज्ञान. बायको गेल्यावर ती पळवाट त्यांना स्वतःलाच सापडली, असं त्यांच्या सुनेचं, त्रिशलाचं, ठाम मत होतं.

मत ठाम असायला कारण होतं. कण्हणं सगळं तिच्या वाट्याला यायचं. सकाळी ती डबा भरायला लागली की आतल्या खोलीतून “आई आई गं” सुरू. संध्याकाळी कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच, “त्रिशला, पाठीला तेल लाव गं जरा. आज लई ठणकायलीय.” कापराच्या तेलाचा वास तिच्या बोटांना इतका बसला होता की भाकरीलाही तो लागतो, असा तिला संशय होता. आणि तेल लावून होतंय तोवर कुणी भेटायला आलं, की हेच तात्या, म्हणजे मास्तर, उठून, शर्टाची बटणं लावून, बैठकीत जाऊन खो-खोच्या गोष्टी सांगत बसायचे.

“सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात,” ती नवऱ्याला, भरतेशला, सुनवायची. “आता दुखण्याचंही आणता येत नाही. आमच्याकडं मशीन आहे.”

भरतेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बायको आणि बाप यांच्यामधल्या तारा जोडायच्या भानगडीत तो पडत नसे. “वय झालंय गं त्यांचं,” एवढं म्हणून तो ताट पुढं ओढायचा.

त्रिशलाचं म्हणणं पोकळ नव्हतं. ती वेदनामापन केंद्रात तंत्रज्ञ होती. दुखण्याची रजा, विमा, अपघाताची भरपाई, सगळ्याला आता केंद्राचा दाखला लागायचा. नुसतं “दुखतंय हो” म्हणून भागत नव्हतं.

माणसाच्या कातडीतून मेंदूकडं जाणाऱ्या नसा ढोबळमानानं दोन जातींच्या. जाड नसा स्पर्शाचा निरोप नेतात, बारीक नसा वेदनेचा आणि चटक्याचा. लेझरचा एक अगदी क्षणभराचा झोत कातडीवर सोडला, तर कशाचाही स्पर्श न होता फक्त बारीक नसा जाग्या होतात. त्यांचा निरोप मेंदूत पोचला की डोक्यावरच्या टोपीतल्या तारा तो टिपतात आणि पडद्यावर एक लहर उठते. जिथं खरोखर दुखत असतं तिथल्या नसा आधीच चिडलेल्या असतात, त्यामुळं लहर उंच. धडधाकट जागी बेताची. माणूस खोटं बोलू शकतो, चेहरा वेडावाकडा करू शकतो, लहर मात्र त्याच्या हातात नसते.

लेझरची दुसरीही एक करामत आता घरोघर पोचली होती. ती म्हणजे शमनपट्टा. टाचेला, गुडघ्याला, कमरेला बांधायचा, आतल्या अंगाला मसुराएवढे दिवे. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण ठरावीक मात्रेत तो पडत राहिला की बारीक नसेच्या आतल्या, माल वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, जागोजाग गाठी होतात, नसेला ऊर्जा पुरवणारी भट्टी मंदावते, आणि वेदनेचा निरोप वाटेतच विझतो. जाड नसांना धक्का लागत नाही, म्हणून चालता येतं, काम करता येतं. दीड-दोन दिवसांत गाठी आपोआप सुटतात. म्हणून तर केंद्रात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “गेल्या दोन दिवसांत पट्टा लावला होता का?”

एक पट्टा त्रिशलाकडंही होता. दिवसभर उभं राहून टाचा भरून यायच्या. तो ती कपाटात साड्यांच्या मागं ठेवायची. तात्यांना कळलं असतं तर “आमच्या वेळी” सुरू झालं असतं, आणि ते ऐकण्यापेक्षा टाच दुखलेली परवडली.

चाचणीला आलेल्यांवर तिचा विश्वास नसे. वर्षानुवर्षं खोटं बघून माणूस कडवट होतो, तशी ती झाली होती. नुकतीच सूतगिरणीतली एक बाई आली होती. डोक्यात अबोलीचा गजरा, अंगावर ठेवणीतली साडी. मानेत मरणाच्या कळा येतात म्हणत होती आणि लहर बघावी तर निरोगी माणसापेक्षाही बुटकी.

“मावशी, तुम्हाला काही दुखत नाही,” त्रिशलानं सांगितलं.

“असं कसं ओ बाई? पट्टा लावून आलेली न्हाई म्हणून शपथ घीन मी. डॉक्टरकडं यायचं म्हणून नीट आवरून आले, एवढंच.”

“दिसतंय ते,” गजऱ्याकडं बघत त्रिशला म्हणाली, आणि तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

तात्यांना केंद्रात न्यायचा घाट तिनंच घातला. कोल्हापूरला नवं केंद्र निघणार होतं आणि तिथली मुख्य तंत्रज्ञ म्हणून तिचं नाव नक्की झालं होतं. अडचण एकच, तात्यांकडं बघणार कोण? एकदा मशीननं सांगितलं की म्हातारा ठणठणीत आहे, तर प्रश्नच मिटत होता. तिला तात्यांचं दुखणं बरं व्हायला नको होतं, ते खोटं ठरायला हवं होतं. हे तिनं स्वतःपाशीही असं उघड कबूल केलं नव्हतं, पण होतं ते हेच.

“केंद्रात? मगदूमकडं?” तात्या म्हणाले. “त्यो माझा विद्यार्थी हाय.”

“मग बरंच की. ओळखीचा माणूस.”

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दाढी केली, धुवट पांढरा शर्ट घातला, टोपी झाडली, आणि रिक्षातून उतरून केंद्राच्या पायऱ्या अशा चढले की शिपायानं दार उघडून धरलं.

डॉक्टर मगदूम स्वतः सामोरे आले. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग लेझरच्या खोलीत घालायचा गडद चष्मा चढवता चढवता हसत म्हणाले, “सर, आठवीत माझा घोटा दुखावला होता. तुम्ही मला सोंगाड्या म्हणून ग्राउंडला पळवलं होतं. नंतर कळलं, हाड तडकलेलं होतं. आठवतंय का?”

“कितीतरी पोरं येऊन गेली बाबा हाताखालून,” तात्या म्हणाले.

“मला आठवतंय,” मगदूम म्हणाले. आवाज गोड होता, पण त्यात गूळ नव्हता.

घरच्या माणसाची चाचणी तंत्रज्ञानं करायची नाही असा नियम, म्हणून झोत डॉक्टरांनीच सोडले. पट्ट्याचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. आपल्या सरांना ‘तुम्ही लबाडी केली का’ असं कोण विचारणार? आणि त्रिशलानं विचारला नाही, कारण तिच्या लेखी घरात पट्टा एकच होता आणि तो तिच्या कपाटात होता.

पहिली लहर उठली. मग दुसरी, तिसरी. सगळ्या बुटक्या. निरोगी म्हाताऱ्याच्या असाव्यात त्याहूनही बुटक्या. हे त्रिशलाच्या नजरेतून सुटलं नाही. क्षणभर ते तिला खटकलंसुद्धा. पण मशीनला विचारलेला प्रश्न एवढाच होता, लहर प्रमाणापेक्षा उंच आहे की नाही. मशीननं सांगितलं, नाही. म्हातारपणी नसा मंदावतात, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ती गप्प राहिली.

“सर, अभिनंदन,” मगदूम म्हणाले. “पाठीत काहीही दुखत नाही तुमच्या.”

तात्यांनी टोपी घातली. “दुखत न्हाई म्हणतोस?”

“मी नाही सर, मशीन म्हणतंय. ते कुणाचा विद्यार्थी नाही.”

त्या दिवशी घरी आल्यावर त्रिशलानं तेलाची बाटली बाथरूमच्या माळ्यावर टाकली. भरतेशला तिनं सगळं सांगितलं, तेही तात्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. “इतकी वर्षं माझे हात झिजवले. नाटकात असते तर बक्षीस मिळालं असतं.”

भरतेश बापाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. “तात्या, असं कशाला करायचं ओ?” एवढंच तो म्हणाला. बायकोच्या टोमण्यापेक्षा ते जास्त लागणारं होतं.

त्यानंतर तात्यांचं कण्हणं बंद झालं. अगदी बंद. सकाळी खोलीतून आवाज नाही, संध्याकाळी हाक नाही. स्वतःचं पाणी स्वतः घ्यायचे, भाजी आणायचे, आणि जेवायला बसले की ताटाकडं बघत जेवायचे. घर कसं शांत झालं. त्रिशलाला जिंकल्यासारखं वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. शेजारीपाजारी, माहेरी, सगळीकडं तिनं ही गोष्ट रंगवून सांगितली. गावाला सावधान करणारा मास्तर गावात चेष्टेचा विषय झाला.

महिना-दीड महिना असा गेला. एका शुक्रवारी दुपारी टाच फार ठणकायला लागली म्हणून ती लवकर घरी आली. तात्या भाजीला गेले होते. तिनं साड्यांमागून पट्टा काढला. चार्जिंग संपलेलं होतं. आदल्याच दिवशी तिनं तो भरून ठेवला होता. टाचेच्या मापाला आवळलेला बंद पुरता सोडलेला होता, त्याला जोडपट्टी लावली होती, आणि तो कमरेएवढा झाला होता. एरवी ती यायच्या आत तो पुन्हा आवळून, चार्ज करून जागेवर ठेवलेला असणार. तिनं तो नाकाशी नेला. कापराच्या तेलाचा वास आला.

ती पलंगावर बसली. म्हणजे केंद्रात यायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं हा लावला, आणि तेव्हापासून लावतोच आहे. दुखतंय हे लपवायला! बाकीचे लोक दुखणं वाढवून दाखवायला लबाडी करतात, आणि ह्यानं विद्यार्थ्यापुढं “आई गं” म्हणायला लागू नये म्हणून नसा बंद करून घेतल्या. बुटक्या लहरी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. पाठोपाठ गजरा घातलेली ती बाई आली. नीट आवरून आले, म्हणाली होती. डॉक्टरकडं जाताना कुणी आंघोळ करतं, कुणी ठेवणीतली साडी नेसतं, आणि कुणी आता पट्टाही लावतं. बाई शपथेवर नाही म्हणत होती, पण चारचौघांत अब्रू राखायची म्हटल्यावर आपल्याकडं शपथेला काय मोल? अशी किती माणसं तिनं ठणठणीत म्हणून परत पाठवली होती?

हे बोलायला हवं होतं. त्याच क्षणी, डॉक्टरांशी, भरतेशशी. पण सोमवारी कोल्हापूरच्या केंद्राचं उद्‌घाटन होतं. ‘आमचा एकही दाखला खोटा ठरलेला नाही’ हे मगदूम व्यासपीठावरून सांगणार होते. आणि घरी तिला सासऱ्यापुढं जाऊन म्हणावं लागणार होतं, तात्या, माझं चुकलं. हे दुसरं तिला पहिल्याहून जड होतं. सोमवार होऊ दे, मग बघू, असं तिनं ठरवलं. पट्टा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

ती रात्रीची भाकरी थापत होती तेव्हा तात्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीला धरलेला.

“कपाटाला कुलूप लावलंस व्हय?”

“चोऱ्या वाढल्यात तात्या,” मागं न बघता ती म्हणाली.

तवा तापला होता. तिनं भाकरी उलटली. तिला वाटलं, आता तरी म्हणतील, दुखतंय गं, दे तो पट्टा. म्हटलं असतं तर तिनं दिला असता. निदान नंतर तिनं स्वतःची तशी समजूत घातली.

“बरोबर हाय,” तात्या म्हणाले आणि भिंतीला धरून परत गेले.

पट्टा नाही म्हणजे दुखणं उलटणार आणि म्हातारा कण्हणार, हा तिचा हिशेब. पुढचे दोन्ही दिवस ती त्या खोलीच्या आसपास रेंगाळत राहिली. आवाज आला नाही. भरतेशला तात्या एकदा म्हणाले, “पाय जड झाल्यागत वाटाय लागलेत रे. चप्पल कुठं निसटली कळत न्हाई.” भरतेश म्हणाला, “तात्या, परत सुरू करू नका. मशीननं सांगितलंय न्हवं?” त्रिशलानं हे ऐकलं. पाय जड होणं म्हणजे मणक्यात नस दाबली जात असू शकते, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. पण दुसरा दिवस सोमवार होता, आणि नेसायची साडी इस्त्रीला टाकलेली होती.

सोमवारी टाळ्यांच्या गजरात फीत कापली गेली. मगदूमांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. त्याच सुमारास मिरजेत चौगुले मास्तर बाथरूमच्या उंबऱ्यात पडले. पाय दुमडले ते उठवेनात. ओरडले मात्र नाहीत. भरतेश जेवायला घरी आला तेव्हा ते भिंतीला टेकून, टोपी सावरून बसले होते.

हॉस्पिटलमधल्या सर्जननं फोटो उजेडासमोर धरले. मणक्याचा क्षय. दोन मणके खाऊन पुवानं मज्जारज्जू दाबला होता. “इतकं होईपर्यंत माणूस गप्प कसा राहिला?” ते वैतागून म्हणाले. “असा मणका रात्रंदिवस बोंबलत असतो. दुखत नव्हतं यांना? महिनाभर आधी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं.”

“मशीननं...” भरतेश बोलायला लागला.

“पट्टा माझा होता,” त्रिशला म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. कुलपाचंही सांगितलं. भरतेशनं तिच्याकडं बघितलं नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही केली आणि मग एवढंच म्हणाला, “किल्ली माझ्यापाशी दे.” त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलतो.

मगदूमांना तिनं केंद्रात गाठलं. बुटक्या लहरींचे सगळे लोक परत बोलवायला हवेत, म्हणाली. त्यांनी दार लावून घेतलं. “कितीजणांना बोलावणार? आणि काय सांगणार, मशीन बरोबर होतं पण प्रश्न चुकीचा होता? तुझ्या सासऱ्यांनी लबाडी केली, मशीननं नाही.”

“तुम्ही पट्ट्याचं विचारलं नाहीत त्यांना.”

“तू विचारलंस?”

निघताना ती एवढंच म्हणाली, “तुमचा घोटाही असाच तपासला होता ना सरांनी?” मगदूमांचा चेहरा उतरला. बाकी काही घडलं नाही.

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले तरी पाय हलले नाहीत. बारीक नसांचा निरोप वर पोचतो का ते बघा, पोचत असेल तर आशा आहे, असं सर्जन म्हणाले. उचलून नेता येणारं मशीन तेवढं मगदूमांच्याच केंद्रात होतं. ते स्वतः घेऊन आले, आणि झोताची नळी त्यांनी त्रिशलाच्याच हातात दिली. नियमाची आठवण या वेळी कुणीच काढली नाही.

सगळ्यांनी गडद चष्मे चढवले. तात्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपीच्या जागी तारांची जाळी. त्रिशलानं झोताची नळी उजव्या पावलावर धरली आणि बटण दाबलं. पडद्यावर रेघ सपाट. पुन्हा दाबलं, सपाट. डावं पाऊल. सपाट. बुटकीसुद्धा लहर नाही. कुठला पट्टा नाही, कुठली लबाडी नाही. मशीन या वेळी अगदी खरं बोलत होतं, आणि ते खोटं निघावं म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात हात जोडत होती.

तात्यांना पडदा दिसत होता. सपाट रेघेचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यांनी भरतेशकडं पाहिलं, मगदूमांकडं पाहिलं, मग सुनेकडं.

“आणि एकदा बघ की गं,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी असं आर्जवानं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. तिनं नळी पुन्हा उजव्या पावलावर धरली आणि अंगठा बटणाकडं नेला.

“आई आई गं!” तात्या कळवळले. विद्यार्थ्यासमोर, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असे. “दुखतंय रे मगदूम! भरत्या, दुखतंय बघ मला! लई दुखतंय!”

भरतेश झटकन पुढं झाला. मगदूम पडद्याकडं वळले. त्रिशला खाली मान घालून आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. तिनं बटण अजून दाबलंच नव्हतं.